कळ कुठवर उतरते ते बघा: सायटिकातून घरच्या घरी सावरताना

कंबर धरली की गोव्यात सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणतं उसण भरली, पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घे. कोणी फेणी चोळायला सांगतं. कोणी पाठीवर नारळेल तेल चोळतं, आणि शहरातला भाचा फोनवरून सांगतो, 'गादी सरकली असेल, आधी एमआरआय काढ.' उसण असेल तर ती तशीही चार-आठ दिवसांत उतरते, म्हणून पायाळूचं नाव होतं. सायटिका एवढ्या लवकर उतरत नाही. दुखणं कंबरेत सुरू होतं, पण मुक्काम पायात करतं: कुल्ल्यातून मांडीच्या मागे, पोटरीत, काहींना थेट अंगठ्यापर्यंत. खोकला-शिंक आली की वीज चमकल्यासारखी कळ जाते.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. कंबरेत पाच मणके, आणि मणक्यांच्या मधे मऊ गाद्या. त्यातल्या शेवटच्या दोन गाद्या, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्याच्या खालची, सगळ्यांत जास्त भार सोसतात. गादीची बाहेरची कड फाटते, आतला मऊ गर मागे सरकतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतो. 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी हा संबंध स्पष्ट मांडला. पण पुढचा भाग फार कमी लोकांना सांगितला जातो. नुसत्या दाबाने एवढं दुखत नाही. गरामुळे नसेला सूज येते आणि ती सूज बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठ्या तुकड्यांच्या बाबतीत हे जास्त वेळा घडतं. बहुसंख्य लोक सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सावरतात. तेवढे आठवडे नसेला पुन्हापुन्हा न डिवचता काढायचे, एवढंच काम आपल्याकडे असतं. तेच अवघड आहे.

सर्वात आधी: यातलं काही असेल तर ते घरचं दुखणं नाही

लघवी अडली, लागल्याची जाणीवच होत नाही, किंवा नकळत होते. शौचावरचा ताबा गेला. दोन मांड्यांमधला, खुर्चीला टेकणारा भाग बधिर झाला. दोन्ही पायांत एकदम कळा किंवा अशक्तपणा आला. यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन करून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जा. मणक्याच्या तळाशी नसांचा अख्खा जुडगा दाबला गेला असू शकतो, आणि तिथे दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. उद्या ओपीडीला दाखवू म्हणू नका.

मग भिंतीला हात लावून दोन गोष्टी करून बघा. टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर चार पावलं. टाचेवर चालताना एका पायाचं पाऊल वर राहत नसेल, किंवा दुखऱ्या पायाच्या चवड्यावर शरीर उचललं जात नसेल, तर नस अशक्त झाली आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, हेही त्याचंच लक्षण. दुखणं जास्त की कमी यापेक्षा ताकद किती आहे हे महत्त्वाचं. दुखणं अचानक थांबलं पण पाऊल लुळं पडलं, तर ती आनंदाची बातमी नव्हे.

ताप, कारणाविना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यामुळे सुरू झालेलं दुखणं, हाडं ठिसूळ झालेलं वय, बरीच वर्षं चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या: यांपैकी काही असलं तरी घरी प्रयोग नकोत. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. शेतात, गोठ्यात किंवा साचलेल्या पाण्यात काम केल्यावर ताप येऊन पोटऱ्या आणि कंबर ठणकायला लागली तर तो लेप्टोस्पायरोसिसचा ताप, म्हणजे लेप्टो, असू शकतो. त्याला सायटिका समजून शेकत बसू नका. बरगडीखालून जांघेकडे जाणारी, जागेवर स्वस्थ बसू न देणारी कळ मुतखड्याची असू शकते. आणि एका बाजूला आग होत असेल तर कातडी रोज बघा, दोन-चार दिवसांनी नागीण उठू शकते.

पहिले दोन-तीन दिवस

झोपून राहण्याचा सल्ला जुना झाला. एखाद-दोन दिवस जास्त आडवं व्हावं लागलं तर हरकत नाही, त्यापलीकडे अंथरूण धरलं की स्नायू आखडतात आणि भीती वाढते. तासाभरात एकदा तरी उठायचं, घरातल्या घरात दोन मिनिटं चालायचं.

कुठल्या स्थितीत बरं वाटतं ते शोधा. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या, गुडघे काटकोनात, तर अनेकांना लगेच उतार पडतो. रात्री कुशीवर झोपा आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या. उशी नुसती गुडघ्यांत नको, घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर वरचा पाय खाली लोंबतो आणि कंबर पिळली जाते. जमिनीवर चटई टाकून झोपायची गरज नाही. स्पेनमध्ये 2003 साली झालेल्या तुलनेत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. खोलगट झालेली कापसाची गादी मात्र काढाच.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, गुडघे जवळ घ्यायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने व तळहाताने रेटून अंग वर आणायचं. शिंक येणार असं वाटलं की भिंत किंवा टेबल धरा, छाती पुढे काढून कंबर किंचित मागे वाकवा आणि मगच शिंका. दर सकाळी हे आठवणीने करायचं, कारण रात्रभर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर वाकणं त्यांना सगळ्यांत महागात पडतं. झाडणं, अंगण शिंपणं, बुटाची लेस बांधणं हे सगळं नंतर.

शेक कंबरेला द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून. पायाचा बधिर भाग कधीही शेकू नका, आणि मधुमेह असेल तर दुप्पट सावध राहा. भाजलेलं कळतच नाही.

कळ वर सरकते की खाली?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आली, तर तुम्ही सुधारत आहात, भले कंबर काल होती त्याहून जास्त दुखो. कंबर हलकी वाटली पण कळ गुडघ्याखाली उतरली, तर जे केलंत ते चुकलं. लोक नेमकं उलटं मोजतात. कंबर दुखली की घाबरून व्यायाम सोडतात, आणि पायातल्या मुंग्या वाढल्या तरी 'नस मोकळी होतेय' म्हणून रेटत राहतात.

हे लक्षात आणून देणारा फिजिओथेरपिस्ट न्यूझीलंडचा रॉबिन मॅकेन्झी. 1956 साली त्याचा एक रुग्ण, डोक्याकडचा भाग उचललेल्या खाटेवर, चुकून पालथा पडून राहिला. पाठ मागे वाकलेल्या त्या स्थितीत काही मिनिटांतच पायातली कळ ओसरली. तिथून त्याची पुढची सगळी पद्धत निघाली.

घरी करायचं ते असं. कडक पलंगावर किंवा जमिनीवर चादर घालून पालथे झोपा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं नुसते पडून राहा. तेवढंही सोसत नसेल तर पोटाखाली उशी घ्या आणि आज तिथेच थांबा. सोसलं तर कोपरांवर या, आणखी दोन-तीन मिनिटं. मग तळहात खांद्यांखाली ठेवून हातांनी छाती वर उचला. कुल्ले, पोट आणि पाय सैल, कंबर जमिनीकडे लोंबलेली. दिसायला भुजंगासन, पण पाठीचा जोर अजिबात लावायचा नाही, काम फक्त हातांचं. वर जाऊन क्षणभर थांबून खाली, असं दहा वेळा. दिवसात दर दोन तासांनी.

प्रत्येक खेपेनंतर उभे राहा, चार पावलं चाला आणि कळ कुठवर आहे ते बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात एकच शब्द लिहा: पोटरी, गुडघा, मांडी, कुल्ला. दुखण्याला दहापैकी किती गुण द्यायचे या भानगडीपेक्षा हा शब्द जास्त खरं बोलतो. कळ खाली उतरली आणि उभं राहिल्यावरही खालीच राहिली, तर ही दिशा तुमची नाही. थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

साठीच्या पुढच्या माणसांचं बऱ्याचदा उलटं असतं. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, आणि बाजारात कुठेतरी टेकलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. तिथे गादीपेक्षा मणक्यातली वाट अरुंद झालेली असते आणि मागे वाकणं त्रासच वाढवतं. त्यांनी पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यावा, आणि चालताना मध्ये मध्ये बसावं.

गोळ्यांचं काय

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक ही सगळी एकाच कुळातली. डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, कमीत कमी दिवस. यातल्या दोन एकदम घ्यायच्या नाहीत. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेल्या जोडगोळीत त्यातलंच एक बहुधा असतंच, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचा. मूत्रपिंड, हृदय, अल्सर, रक्तदाब, दमा, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर स्वतःहून अजिबात नको. संध्याकाळी एक पेग होणार असेल त्या दिवशी तर नकोच, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. फेणी चोळण्याने निदान पोटाला धोका नाही.

प्रिगॅबलिन ही नसेच्या दुखण्याची गोळी आपल्याकडे सायटिकाला सर्रास लिहून देतात. 2017 साली ऑस्ट्रेलियात त्याची चाचणी झाली तेव्हा ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सायटिकासाठी ते देऊ नका म्हणतात. चालू असेल तर अचानक तोडू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा. बी-बारा जीवनसत्त्वाच्या गोळ्या कमतरता असेल तरच कामाच्या. शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी ती तपासून घ्यावी. 'ताकदीचं सलाईन' मागू नका.

न्हाणीघर, स्वयंपाकघर

दिवसभर सांभाळलेली कंबर लोक न्हाणीघरात घालवतात. बालदी जमिनीवर, तांब्या बालदीत, आणि आपण प्रत्येक तांब्याला कमरेत वाकून कुशीकडे वळतो. वाकणं आणि पिळणं एकाच वेळी, आंघोळभर. बालदी प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवा, एवढ्याने निम्मं काम होतं. विहिरीवरून घागर काढणं काही आठवडे दुसऱ्याकडे द्या. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मेडिकल दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची आणा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथताना तीच कळ उठते. पाणी, भाजी, रात्री इसबगोल. ट्रॅमाडॉल ही जोरदार दुखण्याची गोळी चालू असेल तर जास्तच लक्ष द्या.

विळीवर बसून नारळ खोवणं बंद. एका काकींना हे सांगितल्यावर त्यांनी मिक्सरमधल्या खोबऱ्याला चव नसते म्हणून मला बरंच सुनावलं. चवीचं खरंच आहे, पण दीड महिना. ओट्याशी उभ्याने काम करताना एक पाय पाटावर ठेवा, दर काही मिनिटांनी पाय बदला. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो: आतला गॅस 14.2 किलो, वर लोखंडाचं वजन. तो उचलायचा नाही, कडेवर तिरपा करून फिरवत न्यायचा, तोही घरातल्या दुसऱ्या कोणी.

चालणं

पाच मिनिटांपासून सुरुवात, दिवसातून चार-पाच वेळा. कळ पायात खाली न उतरता पाच जमली की सात, मग दहा. एका दमात अर्धा तास चालून उरलेला दिवस आडवं होण्यापेक्षा हे केव्हाही बरं. हात मोकळे सोडा, छोटी पावलं टाका.

जागा सपाट हवी. समुद्रकिनारी चालायचा मोह होतो, पण पाण्याकडे उतरत्या वाळूत एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर तिरकी होते. मिरामारला असाल तर वाळू सोडून फरसबंदीवर चाला. शेताचा बांध नको. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि एकदा घसरलात की सगळं पहिल्यापासून. त्या दिवसांत बलकांवात, म्हणजे घरापुढच्या व्हरांड्यात, किंवा घरातल्या लांब सोप्यात येरझाऱ्या घाला.

स्कूटर आणि बस

गोव्यात स्कूटरशिवाय पान हलत नाही, म्हणून सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: गाडी कधी चालवू? कडक खुर्चीत अर्धा तास बसून कळ खाली उतरत नसेल, आणि दुखऱ्या पायाने दचकून ब्रेक दाबल्यासारखं जमिनीवर पाऊल आपटता येत असेल, तेव्हा. पाय बधिर असेल तर स्कूटरही नको, कारही नको. पहिले दिवस गल्लीतल्या गल्लीत. गाडी मेन स्टँडवर चढवायची नाही, साइड स्टँड आहे तो याचसाठी. किक मारायची नाही. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसणं तर सगळ्यांत वाईट: खड्डा येताना तुम्हाला दिसत नाही आणि अंग सावरायला वेळ मिळत नाही. चालवणाऱ्याला निदान दिसतो.

कदंबच्या सरकारी बसमध्ये चाकावरची आणि शेवटची सीट सोडा, मधली घ्या. पणजी-मडगावसारख्या लांब फेरीत मध्ये उभं राहिलात तरी चालेल, कित्येकांना उभ्यानेच बरं वाटतं. ऑफिसात अर्ध्या तासाला उठायचं. फोन आला की उभं राहायचं, ही सवय लावली तर घड्याळ लावावं लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर

कळ गुडघ्याच्या वर स्थिरावली की बळ वाढवायला घ्या. आधी नसेची हालचाल. खुर्चीत ताठ बसा, दुखरा पाय गुडघ्यात सरळ करत न्या आणि त्याच वेळी मान वर करा. पाय खाली आणताना मान खाली. दहा वेळा, कुठेही न थांबता. नस पुढे-मागे सरकली पाहिजे, ताणली जाता कामा नये. मांडीची मागची शीर 'आखडलीय' म्हणून जोरात ताणणारे या टप्प्यावर हमखास मागे जातात. ती ओढ बहुतेकदा स्नायूची नसून नसेचीच असते.

मग कॅनडाचे पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकप्रिय केलेले तीन व्यायाम. पहिला: पाठीवर झोपून एक गुडघा वाकवलेला, दोन्ही तळहात कंबरेखाली, डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. दुसरा: कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर अंग तोलून कुल्ला वर. तिसरा: चार पायांवर येऊन विरुद्ध बाजूंचे हात-पाय, म्हणजे उजवा हात आणि डावा पाय, सरळ करायचे. प्रत्येक आठ-दहा सेकंद धरून सोडायचा. पहिल्या फेरीत सहा, मग चार, मग दोन. संख्या वाढवा, धरायची सेकंदं नको.

सूर्यनमस्कारातली पुढे वाकायची आसनं आणि पश्चिमोत्तानासन पाय पूर्ण शांत होईपर्यंत बाजूला ठेवा, मग कितीही वर्षांची सवय असो. कमरेचा पट्टा प्रवासापुरता बांधा, घरी काढा. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय आहे. हलका मसाज कुठेही करा, फक्त पाठीवर पाय देऊन कडकड मोडणाऱ्याकडे जाऊ नका.

एमआरआय आणि सुरी

धोक्याचं लक्षण नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयने उपचार सहसा बदलत नाहीत. काहीच न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते. तेव्हा अहवालात 'बल्ज' वाचून हातपाय गाळू नका. सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही पायातली कळ हटत नसेल, झोप लागत नसेल, तर एमआरआय आणि मणक्याच्या डॉक्टरांची भेट. मणक्यातलं इंजेक्शन काहींना काही आठवड्यांची उसंत देतं.

शस्त्रक्रियेबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. नेदरलँड्समध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायाची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सावरले होते. थांबलेल्या गटातल्या सुमारे 40 टक्के लोकांनी मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे ताकद शाबूत असेल तर सवाल एवढाच उरतो की अजून किती दिवस सोसायचं, आणि तो ज्याचा त्याने ठरवायचा. पाऊल लुळं पडत चाललं असेल तर ठरवायला वेळ नाही.

पुन्हा उठली तर

पुन्हा उठते, बऱ्याच जणांची. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवून हळूहळू वाढवलेल्या चालण्यामुळे कंबरदुखी परतायला सरासरी 208 दिवस लागले. न चालणाऱ्यांत 112. ध्येय होतं आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. त्यामुळे पाय शांत झाला तरी चालणं सोडू नका. आणि वर्षातले आपले धोक्याचे दिवस आधीच ओळखून ठेवा. मार्च ते मे काजूचे बोंडू वेचणं: टोकाला खिळा लावलेली काठी वापरा, तासातासाला कंबर मागे वाकवून घ्या. जत्रेतलं रात्रभराचं नाटक: मधल्या रांगेत खुर्ची धरण्यापेक्षा कडेची धरा, म्हणजे अंक संपला की उठता येतं. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधताना शिडीवर दुसऱ्याला चढवा, आरतीला उभे राहा, भजनाला खुर्ची मागा, आणि मूर्ती उचलायला तिघे हवे असतील तर चौघांना बोलवा.